राहून गेलेली कोलांटी

गोपिकाबाईच्या उजव्या पायाचे गावावर फार उपकार होते, आणि गावानं ते विसरू नयेत एवढी काळजी ती स्वतः घेत असे.

देवळीहून येणारी एसटी जिथं वळण घेते तिथंच तिचं घर. पुढं ओसरी, मागं विहीर, विहिरीपलीकडं मेथीचे, सांबाराचे म्हणजे कोथिंबिरीचे, वांग्यांचे वाफे. ज्याची कंबर लचकली तो सकाळी उपाशीपोटी त्या ओसरीवर येऊन पालथा पडायचा. गोपिकाबाई आतून यायची, साडीचा काठ जरासा उचलायची आणि उजव्या पायाचा तळवा दुखऱ्या जागी तीनदा टेकवायची. मंत्र नाही, अंगारा नाही. मग माणसानं कण्हत उठायचं आणि मागं वळून न पाहता मारुतीच्या पारापर्यंत चालत जाऊन यायचं. वळून पाहिलं की गुण गेला. चार-सहा दिवसांत माणूस सरळ व्हायचा आणि पायाचा लौकिक आणखी बोटभर वाढायचा.

कारण ती पायाळू. सगळी दुनिया डोकं पुढं करून जन्माला येते, ही पाय पुढं करून आली. अशा माणसाच्या पायात गुण असतो हे गावात कोणाला पटवून द्यावं लागत नाही. ते पटूनच लोक ओसरीवर येतात.

या पायाचं काही घेतलं तर गुण जातो, म्हणून गोपिकाबाई कोणाकडून सुपारीसुद्धा घेत नसे. पण न घेतलेलं तिच्या अचूक लक्षात राहायचं. तानबा सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहिला आणि हात जोडत दारोदार फिरला, तेव्हा तिला आठवत होतं, की हा पुढारी याच ओसरीवर पालथा पडून मायच्या नावानं रडला होता. पुढं निवडून आल्यावर त्याचा नमस्कार जरा ताठ झाला. गोपिकाबाईनं फक्त विचारलं, "कंबर कशी हाये गा, तानबा?" त्यानंतरचा नमस्कार पुरता वाकून आला.

पायाळूपणाचे बाकीचे हिशेब मात्र तितके जमले नव्हते. पायाळूवर वीज पडते म्हणून लहानपणी ढग गडगडले की तिला धान्याच्या कोठीआड बसवत. तिच्या देखत गावात वीज पडली ती एकदा निंबाच्या झाडावर आणि एकदा पाण्याच्या टाकीवर. दोघांच्या जन्माची चौकशी कोणी केली नाही. पायाळूला जमिनीतलं पाणी दिसतं म्हणून तिच्या नवऱ्याच्या, रूपरावच्या, चुलतभावानं तिला शेतातून फिरवलं. तिनं दाखवलं तिथं बोअर मारलं तर नुसती धूळ निघाली. गोपिकाबाईनं शांतपणे सांगितलं, पाणी होतं, मशीनचा आवाज ऐकून खाली गेलं. तेव्हापासून तिनं फक्त कमरेचं खातं सांभाळलं.

ती जरा लंगडायची. उजव्या पायावर भार आला की एका बाजूला कलायची, जणू कोणी झोका दिला. गावाच्या लेखी हाही पुरावाच होता. एवढा गुण ज्या पायात, तो चारचौघांच्या पायासारखा कसा पडेल? गेल्या दोनेक वर्षांत मात्र त्या पायाच्या मुळाशी, जांघेत, एक ठणका बसला होता. वाफ्यातून उठताना तिच्या डोळ्यांपुढं तारे यायचे. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांच्या कमरा सोडवणारीचा खुबा दुखतो, ही बातमी मंदाबाईच्या तोंडी लागली असती तर संपलंच.

मंदाबाई ही शेजारीण, एकाच माहेरची, बालपणापासूनची ओळख, आणि त्या पायाची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. दर हंगामात तिची कंबर एकदा तरी धरायची. बरी झाली की ती गावभर गुण गायची आणि घरी येऊन टोचायची, की तुझ्यामागं हा पाय कोण चालवणार वो, गोपिका?

तेच तर शल्य होतं. एकुलती एक लेक आचल, तीही डोकं पुढं करून आलेली. सुईणीनं "डोकं दिसलं" म्हटलं तेव्हा ऐन वेणांत गोपिकाबाईचा जरा हिरमोड झाला होता. पाय आता थकत चालला होता आणि वारस नव्हता.

म्हणून आचल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि वर्ध्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी करणारीनं सांगितलं, की बाळ बसलेलं आहे, डोकं वर, बूड खाली, तेव्हा गोपिकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचं वाक्य असं होतं, की अजून वेळ आहे, बहुतेक बाळं आपसूक वळतात. ते वाक्य तिच्या कानावरून गेलं, कानात गेलं नाही.

गावात ही बातमी बस पोचायच्या आधी पोचली. लेकरू पोटात असतानाच त्याच्या पायाला गिऱ्हाईकं लागली. तानबानं विचारलं, नातवाचे पाय कितव्या महिन्यापासून लागू पडतील. मंदाबाई लिंबाचं लोणचं घेऊन आली आणि आचलच्या पोटाकडं पाहून म्हणाली, माझ्या म्हातारपणाची सोय झाली बाई.

आता बसलेलं लेकरू बसलेलंच राहावं म्हणून काय करावं? गोपिकाबाईनं बराच विचार केला आणि जे तिलाच सुचावं ते केलं: आचलला बसवून ठेवलं. माय आडवी झाली की लेकरू कलंडणार, कलंडलं की फिरणार, असं तिचं गणित. आचल भिंतीला टेकून बसून जेवायची, बसून मोबाइल पाहायची, बसूनच पेंगायची. रूपराव कमी बोलणारा माणूस. बायको विहिरीवर गेली की तो लेकीच्या मागं हळूच उशी सारायचा आणि ती परतायच्या आत काढून घ्यायचा. आचलला सगळं दिसत होतं. पण आईचा चेहरा इतका उजळलेला तिनं कधी पाहिला नव्हता, म्हणून ती गप्प बसायची. अक्षरशः बसायची.

दिवस भरत आले तशी वर्ध्याची पुढची तपासणी आली. आचलबरोबर गोपिकाबाई आणि रूपराव दोघंही गेले. आचलचा नवरा नयन पुलगावहून परस्पर दवाखान्यात पोचला होता. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान; काहीही बिघडलं की आधी उघडून पाहायचं हा त्याचा स्वभाव, आणि इथं उघडून पाहता येत नव्हतं म्हणून तो कासावीस. डॉक्टर आकांक्षा तिशीतल्या, हातानं आणि बोलण्यानं सावकाश. त्यांनी आचलच्या पोटावरून हात फिरवला, मग मशीन लावलं आणि पडदा सगळ्यांकडं वळवला.

गोपिकाबाईनं पहिल्यांदा नीट पाहिलं. करड्या अंधारात एक माणूस बसलं होतं. पाय वर दुमडलेले, पावलं पार कानाशी. त्यानं तोंड उघडलं, काहीतरी गिळलं, हाताचं बोट हलवलं. कोणी बघतंय याची त्याला खबर नव्हती. गोपिकाबाईनं नकळत साडीचा पदर नीट केला.

डॉक्टर म्हणाल्या, सातव्या महिन्याच्या सुमारास चारातलं एखादं बाळ असं बसलेलं असतं; दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच उरतात. हे त्या तीन-चारांतलं दिसतंय. आता वाट पाहण्यात अर्थ नाही. उद्या सकाळी पोटावरून, बाहेरून, हातांनी फिरवून बघू. निम्म्या वेळा जमतं, निम्म्या वेळा नाही. नाहीच जमलं तर ऑपरेशनचा विचार करू. काही गडबड वाटली तर लगेच ऑपरेशन करता यावं म्हणून हे सगळं दवाखान्यातच करायचं.

नयननं लगेच मान डोलावली. आचलनं आईकडं पाहिलं.

गोपिकाबाई सरसावून बसली. डॉक्टरबाईला माहीत नसावं म्हणून तिनं सगळं सांगितलं: पायाळू म्हणजे काय, पायात गुण कसा असतो, कोणाकोणाच्या कमरा कशा सुटल्या, पुढारी कसे रडले. डॉक्टर हसल्या नाहीत. उलट त्यांनी बारीक चौकशी केली, की लोक कधी येतात, पाय लावल्यावर काय करायला सांगता. तीनदा पाय टेकवणं, मग वळून न पाहता पारापर्यंत चालणं, हे ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या.

"ते चालायला लावता ना मावशी, ते फार चांगलं करता," त्या म्हणाल्या. "कंबर लचकली की आजूबाजूचे स्नायू घट्ट होतात, पाठीनं स्वतःलाच पट्टी बांधून घ्यावी तसे. माणूस घाबरतो, पडून राहतो, आणि पडून राहिल्यानं ते जास्त आखडतं. तुम्ही पाय लावला की त्याची भीती जाते. तो चालतो. बाकी बहुतेक पाठी आपल्या आपणच बऱ्या होतात. कोणी पाय लावो न लावो."

"म्हणजे माह्या पायाचं काईच नाई?"

"लोक उठून चालतात हे काही कमी नाही. पण बरं करते ती त्यांचीच पाठ."

इतक्या वर्षांचा हिशेब एका वाक्यात दुसऱ्याच्या खात्यावर गेला, आणि भांडायला जागा सापडेना. गोपिकाबाईला तीच माणसं आठवली, जी पाय लावूनही महिनाभर वाकडीच राहिली होती. त्यांना ती म्हणाली होती, की तुम्ही वळून पाहिलं असेल.

मग तिनं दुसरी बाजू लढवली. आचल सदानकदा बसून असते म्हणूनच लेकरू बसलं आहे, ते आता वळणार नाही. डॉक्टर म्हणाल्या, मावशी, आईनं बसल्यानं ते बसत नाही आणि निजल्यानं निजत नाही. आचलनं एक लांब श्वास सोडला. रूपराव छताकडं बघू लागला.

निघायला म्हणून गोपिकाबाई उठली, दोन पावलं चालली, आणि डॉक्टरांनी तिला थांबवलं.

"मावशी, हा पाय लहानपणापासून असाच पडतो?"

"जन्मापासून. पायाळू हाये न मी." हे तिनं अजूनही मान वर करूनच सांगितलं.

डॉक्टरांनी डाव्या हाताची ओंजळ केली आणि उजव्या हाताची मूठ तिच्यात ठेवली. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत असा बसतो. पोटात असं बसून राहिलेल्या बाळांमध्ये, त्यातही मुलींमध्ये, ही वाटी कधी कधी उथळ राहते. जन्मल्यावर लवकर लक्षात आलं तर साध्या पट्ट्यांनी बरीच सुधारते. नाही आलं तर मूल चालायला लागतं, लंगडतं, आणि पुढं वय झालं की तो सांधा झिजतो.

"फोटो काढल्याशिवाय मी खात्रीनं सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण चाल पाहून तसं वाटतं. जांघेत दुखतं?"

"नाई," गोपिकाबाई म्हणाली. मग सगळ्यांच्या तोंडाकडं पाहून म्हणाली, "बसून उठताना."

रूपरावनं तिच्याकडं पाहिलं. त्याला हे माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं आणि माहीत नसल्याचं दाखवणं त्यानं इतकी वर्षं निभावलं होतं.

डॉक्टरांनी शेवटचं एकच विचारलं, की तुमच्या आईला ते बाळंतपण कसं गेलं. गोपिकाबाई नेहमीच्या सुरात सुरू झाली. ही गोष्ट तिनं ओसरीवर कितीदा सांगितली होती: आधी एक पाय दिसला, मग दुसरा, सुईणीनं हात जोडले, आजीनं दारात दिवा लावला. इथं गोष्ट संपायची. लोक "वा" म्हणायचे. आज कोणी वा म्हटलं नाही, आणि त्या रिकाम्या जागेत तिला गोष्टीचा उरलेला भाग ऐकू आला. आई तो कायम हसत सांगायची, त्यामुळं तो गमतीचा वाटायचा.

आई म्हणायची, "तू पाय दिले, अन् मंग लय वेळ काईच नाई दिलं."

परत येताना बसमध्ये गोपिकाबाई खिडकीशी बसली आणि कापसाच्या गाड्या मागं पडताना बघत राहिली. पाय आले, धड आलं, आणि सगळ्यात मोठा भाग, डोकं, आत राहिलं. लय वेळ. आत ती होती, बाहेर आई होती, आणि सुईण हात जोडून उभी होती, कारण हात जोडण्यापलीकडं तिला काही येत नव्हतं. त्यानंतर आई पावसाळाभर अंथरुणात होती म्हणे. पुढं तिला लेकरू झालं नाही. आजी अभिमानानं सांगायची, एकच झालं पण पायाळू झालं. गोपिकाबाईनंही ते अभिमानानंच जमा धरलं. त्याच्या समोरची बाजू कोणाच्या नावावर पडली हे तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं चहा ठेवला, वाफ्यांना पाणी सोडलं, बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधल्या. दिवेलागणीला आत आली तर आचल सवयीनं भिंतीला टेकून बसली होती, सुजलेले पाय पुढं पसरून. गोपिकाबाईनं कोपऱ्यातली गादी उचलली, झटकली, अंथरली, दोन उशा ठेवल्या.

"निज," ती म्हणाली.

"आई, ते लेकरू..."

"निज म्हनलं न मी. उद्या फिरवून घेऊ."

आचल आडवी झाली आणि डोळे मिटायच्या आतच झोपली. रूपरावनं तिसरी उशी उघडपणे आणून ठेवली.

सकाळी दवाखान्यात एकालाच आत यायची परवानगी होती. नयन पुढं झाला, तेवढ्यात आचल म्हणाली, "आई येऊ दे." नयन बाजूला सरला. गोपिकाबाईनं चपला काढल्या आणि उजवा पाय आधी टाकून आत गेली. सवय ती सवय.

आचलला गर्भाशय सैल पडायचं इंजेक्शन दिलं. पोटावर गार चिकट काहीतरी चोपडलं. बाळाच्या काळजाचा आवाज मशीनमधून मोठा करून लावला, आणि ती खोली त्या आवाजानं भरली. शर्यतीचा गोऱ्हा पळावा तसा तो पळत होता, न थांबता, न थकता. गोपिकाबाईच्या मनात आलं, हा एवढा वेळ पळतोय आणि आम्ही बाहेर त्याच्या पायांचे बेत करतोय.

डॉक्टरांनी एक हात बाळाच्या डोक्यामागं धरला, म्हणजे आचलच्या बरगडीखालच्या त्या टणक गोळ्यामागं, आणि दुसरा ओटीपोटाशी. मग दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल खाटेवर सरकवावं तशा, त्या ढकलू लागल्या. गोळा हलला. बरगडीखालून निघून बाजूला आला, पोट वेडंवाकडं झालं. आचलनं दात आवळले. मग तो गोळा थांबला, क्षणभर विचार केल्यासारखा, आणि निसटून परत होता तिथं जाऊन बसला.

त्या क्षणी गोपिकाबाईला मनात खोल कुठंतरी एक बारीक आनंद झाला. आपलाच आहे हा, मुक्कामाला पक्का. तो आनंद तिला स्वतःला ऐकू आला आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून तिनं इकडं तिकडं बघितलं. आचल तिच्याकडंच बघत होती. घाम डबडबलेला, ओठ पांढरे. असाच चेहरा, अशीच वाट बघणारा, तिच्या आईचा असणार. तेव्हा तो बघायला तिच्याकडं डोळे नव्हते.

डॉक्टर थांबल्या. काळजाचा आवाज जरा मंदावला होता. त्याकडं कान लावून उभ्या राहिल्या. मग गोऱ्हा पुन्हा दौडू लागला. डॉक्टरांनी विचारलं, आणखी एकदा? आचलनं मान डोलावली.

गोपिकाबाई पुढं झाली. तिनं लेकीचा हात धरला आणि पोटाकडं तोंड करून, विहिरीत डोकावून बोलावं तसं म्हणाली, "फिर गा राजा. आम्ही पाहून घेऊ. तू फिर."

या वेळी डॉक्टरांनी उलट्या बाजूनं नेलं. गोळा निघाला. वाफ्यातल्या भुसभुशीत मातीखालून उंदीर जावा तसा तो चामडीखालून जाताना दिसत होता. बाजूला आला, आडवा झाला. सबंध पोट आडवं झालं, एका क्षणी कमरेएवढं रुंद. आणि मग जे झालं ते डॉक्टरांच्या हातांनी झालं असं गोपिकाबाई शपथेवर सांगायला तयार नव्हती. आतल्यानंच ठरवलं. एक हिसका, एक सरकन घसरण, आणि पोट एकाएकी उभं, नीट, शांत झालं. पडद्यावर पाहिलं तर डोकं खाली. पाय वर. जगाशी उलटं आणि जन्माला सरळ.

खोलीत कोणी टाळी वाजवली नाही. फक्त तो आवाज दौडत होता. मग आचलचं पोट थडथड उडू लागलं, थोड्या थोड्या वेळानं, ठरल्यासारखं.

"काय झालं?" गोपिकाबाई घाबरली.

"उचकी लागली आहे त्याला."

"पोटात? कोन आठवन काढून राह्यलं याची?"

डॉक्टर आता मात्र हसल्या. "अजून ओळखतंच कोण त्याला. श्वास घ्यायची रंगीत तालीम असावी, असं म्हणतात."

हात पुसताना त्यांना गोपिकाबाईनं विचारलं, "सगळेच असे फिरतात?" जवळजवळ सगळे, डॉक्टर म्हणाल्या. आपले आपण, कोणी हात न लावता. बहुतेक आयांना कळतसुद्धा नाही. कोण शिकवतं? कोणीच नाही. मग का फिरतात?

"पिशवीचा आकार, डोक्याचा भार, पायांच्या लाथा, असं थोडं थोडं सांगता येतं. पण पुरतं नाही माहीत मावशी. आम्हालाही नाही."

एवढी शिकलेली बाई "माहीत नाही" हे इतक्या आदरानं म्हणाली, की गोपिकाबाईला ते देवळात ऐकल्यासारखं वाटलं.

आचलला तासभर तिथंच ठेवायचं होतं. गोपिकाबाई बाहेर आली आणि रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसली. समोर वर्धा आपल्या कामात होती. ऑटोवाला हवालदाराशी हुज्जत घालत होता. कंडक्टर दारात लोंबकळून नागपूर, नागपूर ओरडत होता. एक लठ्ठ शेठ केळेवालीशी एका केळ्यावरून भांडत होता. गोपिकाबाई माणसं नेहमी त्यांच्या पाठीवरून ओळखायची: ही धरणार, ही धरून गेलेली, ही नुसतं नाटक. आज तिला काही वेगळंच दिसू लागलं. या शेठनं कोलांटी मारली आहे. या हवालदारानं मारली आहे. पार अंधारात, पाण्यात, नाळ न अडकवता, हाडं पुरती टणक व्हायच्या आधी, कोणी न सांगता. आणि मारून विसरून गेले. एवढी मोठी गोष्ट केली आणि आता केळ्यावरून भांडताहेत.

आणि सबंध रस्त्यावर जिची कोलांटी राहून गेली, अशी बहुधा आपणच. लोकांनी सगळ्यांना सोडून तिच्याच पायाखाली पालथं पडावं, यातली गंमत तिला अशी काही जाणवली, की ती एकटीच हसू लागली. रूपराव चहा घेऊन आला होता. त्यानं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "तुमी कोलांटी मारली होती." त्यानं चहा तिच्या हातात दिला आणि जास्त चौकशी केली नाही.

लेकरू पुन्हा वळलं नाही. वेळेवर, डोकं पुढं करून, सरळ आलं. मुलगी. डॉक्टरांनी तिचे इवलेसे पाय दुमडून, फाकवून खुबे तपासले. ठीक वाटतात, म्हणाल्या. पण बराच काळ बसून होती, म्हणून दीड महिन्यानं पुन्हा दाखवा. गोपिकाबाईनं ती तारीख अशी पाठ केली, की नयनला मोबाइलमध्ये आठवण लावावी लागली नाही. आणि स्वतःच्या खुब्याचा फोटोही काढून घेतला. वाटी उथळच होती.

गावाला मात्र हिशेब द्यावा लागला. तानबा म्हणाला, डॉक्टरांनी गावाचं नुकसान केलं. गोपिकाबाईनं त्याला त्याची कंबर कशी आहे ते विचारलं.

मग काही दिवसांनी, सकाळीच, ओसरीवर धप्पकन आवाज झाला. मंदाबाई पालथी पडली होती. हंगाम सुरू झाला होता. गोपिकाबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं लेकरू आचलकडं दिलं आणि मंदाबाईला सगळं नीट समजावून सांगितलं. पाठ स्वतःला पट्टी कशी बांधते, मग कशी सोडते, त्यात पायाचं काही नसतं, चालणं कसं महत्त्वाचं. मंदाबाईनं फरशीवर गाल टेकून ऐकून घेतलं.

"तुझं भाषन झालं असन तं पाय लाव," ती म्हणाली.

गोपिकाबाईनं पाय लावला. इतकी वर्षं ती आपल्या पायाकडं लक्ष देत आली होती. आज पहिल्यांदा पायाखाली काय आहे तिकडं दिलं. पाठ फळीसारखी टणक होती, आणि आतून बारीक थरथरत होती. मंदाबाईनं श्वास सोडला, थोडी सैल झाली. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला, आणखी जराशी. कोणी आत बसून एकेक गाठ सोडत होतं. गोपिकाबाई तळवा तसाच ठेवून उभी राहिली.

"मंदे, तू मायच्या पोटात कोलांटी मारली होती, माईत हाये?"

"मी? माह्यानं वाकून चप्पल घालवत नाई."

"मारली होती. तवाच तं सरळ आली."

मंदाबाईनं यावर विचार केला. मग उठली, कमरेवर हात ठेवला आणि विचारलं, आता वळून पाहिलं तर चालतं का.

"पाह्य. काई होत नाई. पन चाल."

मंदाबाई पाराकडं निघाली. वळून पाहायची परवानगी असून तिनं पाहिलं नाही, धोका कशाला. गोपिकाबाई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. ती जाडजूड पाठ डुलत, कण्हत, रस्त्याच्या कडेकडेनं चालली होती. ही बाई एकदा, काहीच येत नव्हतं तेव्हा, अंधारात स्वतःला उलटं करून दाराशी येऊन थांबली होती. आणि आत्ताही तिच्या आत कोणीतरी, तिला न विचारता, गाठी सोडत बसलं होतं.

मंदाबाई वळणाशी पोचली. ती वळून पाहणार नाही याची पुरती खात्री करून घेऊन गोपिकाबाईनं तिच्या पाठीला हात जोडले.